शेवंती तुटत नाही

१

बायजाबाईंच्या पुस्तकातलं एक पान चोरीला गेलं, आणि चोर दुकानातलाच आहे हे बायजाबाईंनी चहा यायच्या आधीच ठरवून टाकलं होतं.

जरीपटक्याच्या बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पहिल्या मजल्यावर, पायलचं अक्षरजुळणीचं दुकान आहे. खरं म्हणजे दुकान तिच्या बाबांचं, धम्मानंद मेश्रामांचं. फेब्रुवारीत ते गेले आणि दुकान पायलच्या गळ्यात पडलं. पुस्तकाची पानं कॉम्प्युटरवर लावायची, प्रूफ काढायचं, चुका दुरुस्त करायच्या, फाइल प्रेसला धाडायची. धम्मानंदांनी आयुष्यभर हेच केलं, आणि अशा निगुतीनं केलं की लोक कुहीहून, उमरेडहून कागद घेऊन त्यांच्याकडे येत.

बायजाबाई त्यांच्याच गावच्या, पिंपळबोडीच्या. वय एक्याऐंशी, नजर शाबूत, जीभ त्याहून शाबूत. छप्पन साली पिंपळबोडीची चौऱ्याऐंशी माणसं दीक्षेसाठी नागपूरला आली, काही बैलगाडीत, बाकीची पायी. त्यात बारा वर्षांच्या बायजाबाई होत्या. ती सगळी वाट त्यांनी धम्मानंदांना तोंडी सांगितली आणि त्यांनी ती बाईंच्याच बोलीत उतरवली. दसऱ्याला पंधरा दिवस उरले होते, आणि संध्याकाळी सहाला फाइल प्रेसला जायची होती. तर सकाळी अकराला बाई दुकानात हजर, मांडीवर प्रुफांचे दोन गठ्ठे. एक धम्मानंदांनी जानेवारीत जुन्या कॉम्प्युटरवरून काढून दिलेला, दुसरा पायलनं कालच नव्या लॅपटॉपवरून काढलेला. जुन्याची पानं दोनशे बारा, नव्याची दोनशे अकरा.

पान गेलं ते गेलंच, वर आणखी एक गोष्ट. नव्या प्रुफात बाईंच्या आईचं नाव ओळीच्या शेवटी तुटलं होतं. 'पंच' वरच्या ओळीत, 'फुला' खालच्या ओळीत. वडिलांचं, लहानूचं, तसंच.

हे वाचून कुणी म्हणेल, शब्द तुटला तर काय बिघडलं, ओळीत मावला नाही तर तुटणारच. पण पिंपळबोडीच्या जुन्या दप्तरात पंचफुलाची 'पंची' होती आणि लहानूचा 'लहान्या'. गावच्या मोठ्या माणसांनी अख्खं नाव कधी तोंडी घेतलंच नाही. म्हणून पुस्तकाच्या पहिल्याच दिवशी बाईंनी धम्मानंदांकडून वचन घेतलं होतं की ह्या पुस्तकात कुणाचंही नाव तुटणार नाही.

"माह्या मायचं नाव तोडलं तुमी," बाई म्हणाल्या. "कोणं तोडलं ते सहाच्या आत सांग. नाई तं माहे कागद मले वापस दे, मले पुस्तक नाई पाह्यजे."

त्यांचा भाचा सुशील, शाळामास्तर, सोबत आला होता. पुस्तकाची प्रस्तावना त्याची. त्यानं बाहेर येऊन हळूच सांगितलं की त्याला विक्कीचा संशय आहे. विक्की पायलचा धाकटा भाऊ, बुटीबोरीच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळतो, लॅपटॉप त्यानंच लावून दिलेला. विक्कीला विचारलं तर त्याचा संशय सुशीलवर, कारण रविवारी सुशील दोन तास लॅपटॉपवर बसून होता आणि आत्याच्या बोलीची त्याला लाज वाटते हे सगळ्यांना ठाऊक.

पायल मात्र कुणावरच संशय घेऊ शकत नव्हती, कारण तिच्या स्वतःच्या पोटात एक गोष्ट सहा महिने सलत होती. पुस्तकाचं शेवटचं प्रकरण म्हणजे त्या चौऱ्याऐंशी जणांची यादी. बाईंनी ती तीन दुपारी बसून सांगितली आणि धम्मानंदांनी निळ्या वहीत लिहून घेतली. प्रकरण जुळवायच्या आधीच ते गेले. मे महिन्यात बाईंना अर्धांगाचा हलका झटका आला, हातपाय वाचले पण नावं गळाली. आता त्यांना एकतीसच आठवत, आणि तेवढ्यांचं प्रकरण पायलनं वेगळ्या फाइलीत लावून ठेवलं होतं, पुस्तकाला अजून जोडलं नव्हतं. दुकानात आल्या की एकदा विचारत, वही सापडली काय वं? पायल म्हणे, शोधून राहिली, आत्या.

वही सापडणार नव्हती. बाबा गेल्यावर आठव्या दिवशी, त्यांच्या कपाटाकडे बघवत नाही म्हणून, पायलनं न उघडता सगळ्या वह्या रद्दीत दिल्या होत्या.

२

पायलनं फोन केला म्हणून चारुशीला मॅडम दीड वाजता आल्या. कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेल्या, अंगानं किडकिडीत, पर्समध्ये कायम एक स्टीलची पट्टी. वीस वर्षांपूर्वी प्रश्नपत्रिका छापायच्या निमित्तानं धम्मानंदांना लाटेक त्यांनीच शिकवलं होतं. लाटेक म्हणजे पानं लावायचा प्रोग्राम. आपण नुसता मजकूर लिहायचा, ओळ कुठे मोडायची, पान कुठे संपवायचं, ते त्यानं ठरवायचं. आणि त्याची ख्याती अशी की तोच मजकूर दिला की तेच पान मिळतं, आज काढा की वीस वर्षांनी.

म्हणूनच दोन कॉम्प्युटर दोन उत्तरं देतात हे ऐकून मॅडमच्या कपाळावर आठी पडली. शिकवलेलं गणित कुणी खोटं ठरवावं तशा त्या दुखावल्या.

त्यांनी आधी विक्कीला समोर बसवलं. त्यानं शपथेवर सांगितलं की बाबांच्या कॉम्प्युटरवरून पुस्तकाचं फोल्डर जसंच्या तसं लॅपटॉपवर घेतलं, त्यातलं काहीही सोडलं नाही. मग सुशील. रविवारी काय केलं? सुशील म्हणाला, फक्त स्वतःची प्रस्तावना वाचली. मॅडमनी मान डोलावली, विश्वास कुणावरच ठेवला नाही, आणि फोल्डरात जपलेला जानेवारीच्या प्रुफाचा मजकूर आणि आजचा मजकूर एकमेकांवर ठेवून कॉम्प्युटरकडूनच तपासून घेतला. एका वेलांटीचाही फरक निघाला नाही. सुशील सुटला.

फॉन्ट तपासला, तोच. लाटेक मराठीसाठी जी तयार पॅकेजं, म्हणजे नियमांच्या फाइली, वापरतं त्यांच्या तारखा विक्कीनं जुन्या कॉम्प्युटरवरून लिहून आणलेल्या तारखांशी ताडल्या, त्याही हुबेहूब त्याच. विक्की छाती काढून म्हणाला, सगळं सेम टू सेम आहे मॅडम. विक्कीही सुटल्यासारखाच होता.

"जुना कॉम्प्युटर चालू कर," मॅडम म्हणाल्या.

विक्की घुटमळला. जुन्या कॉम्प्युटरच्या वायरी त्यानं सकाळीच काढून ठेवल्या होत्या, गांधीबागेतला भंगारवाला साडेपाचला तो न्यायला येणार होता. काळा, धुळीनं भरलेला डबा. त्यावर बाबांच्या अक्षरात चिकटवलेली चिठ्ठी तेवढी स्वच्छ होती: बंद करू नये. विक्कीनं वायरी परत जोडल्या. डबा घरघरला, खोकला, आणि मोठ्या उपकारानं सुरू झाला.

मॅडमनी लॅपटॉपमधलं आजचं पुस्तक पेनड्राइव्हवर घेतलं आणि तेच्या तेच जुन्या कॉम्प्युटरवर चालवलं. पायल त्यांच्या खांद्यामागून पडद्याकडे बघत होती. पानांचे आकडे सरकत गेले आणि थांबले. दोनशे बारा.

तेच पुस्तक, तीच अक्षरं, आणि बाबांच्या डब्यात शिरलं की गेलेलं पान परत. खुर्चीवरून बायजाबाईंनी विचारलं, सापडला काय चोर?

"चोरी झालीच नाही," मॅडम म्हणाल्या. "मजकूर सगळा जागेवर आहे. पण ह्या दोन कॉम्प्युटरांपैकी एकाला काहीतरी माहीत आहे, जे दुसऱ्याला माहीत नाही."

३

पुढचा दीड तास मॅडमनी कॉम्प्युटरकडे ढुंकूनही पाहिलं नाही. दोन्ही प्रुफं टेबलावर शेजारी मांडली, पट्टी काढली, आणि एकेक ओळ पट्टीखाली धरून वाचत सुटल्या. विक्कीचा जीव खालीवर होत होता. एवढ्या वेळात सॉफ्टवेअर पुसून दोनदा टाकून झालं असतं, असं तो म्हणाला. मॅडम म्हणाल्या की मग आजार बरा झाला असता आणि आजार कोणता होता ते कधीच कळलं नसतं.

पायल त्यांनी सांगितल्याप्रमाणे वहीत टिपून घेत होती. दोन्हीकडे ज्यांच्या ओळी वेगळ्या पडल्या असे परिच्छेद निघाले त्रेसष्ट. बाकी सगळं पुस्तक ओळीला ओळ जुळत होतं, इथे एक ओळ जास्त, तिथे एक, असं होत होत पान वाढलेलं.

"आता ह्या परिच्छेदांत सारखं काय आहे ते बघ."

पायलनं बघितलं. मग परत पहिल्यापासून बघितलं. जवळपास प्रत्येकात कुणाचं ना कुणाचं नाव होतं. लॅपटॉपवर ते नाव तुटलेलं, नाहीतर त्याच्यामुळे शेजारची ओळ हललेली. जुन्या प्रुफात 'बैलगाडी' तुटत होती, 'कंदील' तुटत होता, 'नागपूर'सुद्धा तुटत होतं. माणूस तेवढा तुटत नव्हता. बाईंच्या सांगण्यात कुठेही नाही.

मॅडमनी चष्मा काढून पुसला.

"मशीनला माणूस कळत नाही, पायल. त्याला पंचफुला आणि बैलगाडी एकच. हे त्याला कुणीतरी शिकवलंय."

कोणी, हे दोघींनाही कळलं होतं. कसं, ते कळत नव्हतं. तिथे सुशीलची प्रस्तावना कामाला आली. प्रस्तावना शुद्ध, छापील मराठीत होती आणि तिच्यात एका ठिकाणी 'पंचफुलाला' हा शब्द तुटला होता, दोन्ही कॉम्प्युटरांवर. आत बाईंच्या बोलीतलं 'पंचफुलाले' जुन्या कॉम्प्युटरवर सात वेळा आलं होतं आणि एकदाही तुटलं नव्हतं. म्हणजे मशीनला नाव ओळखायची काही युक्ती दिलेली नव्हती. त्याच्याकडे शब्दांची यादी होती, एकेक शब्द हातानं लिहिलेला, आणि लिहिणाऱ्यानं तो बाईंच्या बोलीत लिहिला होता. 'ले' लावून सगळं लिहिलं, 'ला' लावायचं त्याला सुचलंच नाही. सुशील हे ऐकून आपल्या प्रस्तावनेकडे बघत राहिला.

"पण एक हिशोब चुकतोय," मॅडम म्हणाल्या. "त्रेसष्टपैकी बासष्ट परिच्छेदांत नाव आहे. ह्या एकात नाही."

अठ्ठ्याऐंशीवं पान. त्या परिच्छेदात माणूसच नव्हता, नुसतं घराचं वर्णन होतं. अंगणात पांढरी शेवंती होती, तिची फुलं तोडून सोबत घेतली, एवढंच. लॅपटॉपवर 'शे' वर आणि 'वंती' खाली. जुन्या प्रुफात ओळ विरळ पडली, दिसायला वाईट दिसली, पण शेवंती अख्खीच्या अख्खी खालच्या ओळीत आली होती.

फुलाला माणसासारखं का वागवलं? धम्मानंद असली चूक करणारे नव्हते. मॅडम खुर्ची सरकवून बायजाबाईंजवळ बसल्या.

"बाई, तुमच्या गावात शेवंती नावाचं कोणी होतं?"

बायजाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या हाताचा धक्का लागून टेबलावरचा गठ्ठा खाली पडला आणि पानं फरशीभर झाली, तरी त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं.

४

सव्वापाच वाजले होते. मॅडमनी दोन्ही कॉम्प्युटरांचे लॉग उघडले. पान लावताना लाटेक स्वतःची एक नोंदवही लिहीत जातं, कोणती फाइल कुठल्या फोल्डरातून उचलली ते सगळं त्यात येतं. हजारभर ओळी. कुणी त्या वाचत नाही. मॅडम वाचतात.

चारशे दहाव्या ओळीला पट्टी थांबली. मराठीच्या पॅकेजातली एक फाइल. दोन्हीकडे नाव तेच, तारीख तीच. लॅपटॉपनं ती लाटेकच्या नेहमीच्या फोल्डरातून घेतली होती. जुन्या कॉम्प्युटरनं ती घेतली होती धम्मानंदांच्या स्वतःच्या फोल्डरातून. त्यांनी मूळ फाइलची प्रत करून आपल्याकडे ठेवली आणि तिच्यात भर घातली, पण वरची तारीख बदलायची राहिली. लाटेक आधी मालकाच्या घरात शोधतं, तिथे नसलं तर बाहेर जातं. पुस्तकाचं फोल्डर विक्कीनं इमानानं आणलं. पण ही फाइल पुस्तकाच्या फोल्डरात नव्हतीच, ती बाबांच्या घरात होती आणि घर कुणी उघडून पाहिलं नव्हतं.

"उघड," मॅडम पायलला म्हणाल्या.

पायलनं फाइल उघडली. वर शेपन्नास ओळी परक्या, इंग्रजी. मग एकदम मराठी. आधी बाबांनी स्वतःसाठी लिहिलेली एक ओळ: बायजाआत्याले सबूद देल्ला. एकही तुटायचं नाही. आणि खाली नावं.

पंचफुला, पंचफुलाले, पंचफुलानं, पंचफुलाची, पंचफुलासंगं. लहानू, लहानूले, लहानूनं. रुपराव. गुणवंता. कौतिक. प्रत्येकाची बारा रूपं, कारण मशीनला 'पंचफुला' शिकवलं तरी 'पंचफुलाले' वेगळं शिकवावं लागतं. पडदा भरला, सरकवला, परत भरला. निळ्या वहीतलं ते प्रकरण जुळवायला माणसाला वेळ मिळाला नव्हता, पण त्याआधी त्यानं वहीतलं प्रत्येक नाव इथे आणून ठेवलं होतं, की पुस्तकात ते कुठेही येवो, कसंही येवो, तुटू नये. कुणी हे बघणार नव्हतं. छापलेल्या पानावर दिसली असती ती फक्त न तुटलेली नावं, आणि न तुटलेल्या गोष्टीकडे कोण बघतं?

चारुशीला मॅडम उभ्या राहिल्या. वर्गात कुणी मोठं माणूस आलं की राहतात तशा. "मी त्याला शब्द तोडू नको हे सांगायची आज्ञा शिकवली होती," त्या म्हणाल्या. "एका ओळीची. तिचं हे करता येतं, असं मला कधी वाटलं नव्हतं."

पायल एकेक नाव मोठ्यानं वाचू लागली. बायजाबाई डोळे मिटून ऐकत होत्या, नाव आलं की मान हलवत होत्या, हो, हा होता, हो, ही होती. पंधरावं, तिसावं, पन्नासावं. मग पायलनं वाचलं, शेवंती.

"माही जोडीदारीण," बाई म्हणाल्या. डोळे मिटलेलेच होते. "पांढरं लुगडं एकच होतं वं. फाडून अर्धं तिनं नेसलं, अर्धं मी. वापस आलो अन् पुढच्या साली हैजानं गेली ते. तिची गोष्ट मले सांगवली नाई. नाव तेवढं धम्मानंदाले देल्लं होतं, अन् तेही मी इसरली."

खाली भंगारवाल्याचा हॉर्न वाजला. विक्की जिन्यावरून खाली गेला आणि त्याला वाटेला लावून आला.

आता पायलला राहवेना. ती बाईंपुढे फरशीवर बसली आणि सांगून टाकलं. वही हरवली नाही, आत्या. मी रद्दीत दिली, उघडून न बघता. सहा महिने तुमच्याशी खोटं बोलून राहिली. आज ही फाइल नसती निघाली, तर साडेपाचला हा डबापण मी देऊन टाकला असता, शेवंतीसकट.

बायजाबाईंनी डोळे उघडले. त्यांच्या तोंडून काय निघेल याचा नेम नव्हता, आणि जे निघेल ते पायल ऐकून घेणार होती.

मॅडमचं लक्ष मात्र पडद्याकडे होतं. त्यांनी घसा साफ केला. गणिताच्या माणसाला वेळकाळ कळत नाही हेच खरं. यादीत एक हजार वीस शब्द आहेत, त्या म्हणाल्या, बारानं भागले तर पंच्याऐंशी येतात.

"आमी चौऱ्याऐंशीच होतो," बायजाबाई म्हणाल्या. "मले धरून."

मग पंच्याऐंशीवं कोण? विक्कीनं यादी खाली, अगदी तळापर्यंत नेली. शेवटची ओळ वाचायला तो वाकला आणि वाचलीच नाही. पडदा त्यानं पायलकडे वळवला.

पायल, पायलले, पायलनं, पायलची, पायलसंगं.

हे नाव पुस्तकात कुठेच नव्हतं. शब्द तुटतो की नाही हे आधी घरच्या नावावर करून पाहिलं असेल. किंवा दुसरं काही मनात असेल. विचारायला माणूस राहिला नव्हता. पायल दोन्ही हातांनी तोंड झाकून रडली, फेब्रुवारीत रडली नव्हती तेवढी.

बायजाबाईंनी खुर्चीतून वाकून तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"उठ वं," त्या म्हणाल्या. "जे तोडू नको म्हणून धम्मानंदानं लिवून ठेवलं, ते मी काहून तोडू?"

सुशील फरशीवरची पानं गोळा करू लागला. प्रस्तावनेतलं ते 'पंचफुलाला' बदलून 'पंचफुलाले' कर, असं तो पायलला खाली मान घालून म्हणाला. मॅडमनी प्रेसला फोन लावला आणि फाइल उद्या सकाळी मिळेल, शेवटचं प्रकरण वाढलंय, असं असल्या आवाजात कळवलं की प्रेसवाल्यानं का म्हणून विचारलं नाही.

पायल तोंड धुऊन आली आणि बाबांच्या जुन्या कॉम्प्युटरपुढे बसली. एकतीस नावांचं प्रकरण तिनं उघडलं आणि पुसलं. बायजाबाईंनी आपली खुर्ची तिच्या शेजारी ओढून घेतली.

"लिव," त्या म्हणाल्या. "पयले शेवंती."